सात मीटरांचे अंतर

१९६६ साली पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या काठी, गोंबेच्या अरण्यात, मॅकग्रेगर नावाचा एक वयोवृद्ध चिंपांझी दोन्ही पाय लुळे पडल्याने केवळ हातांच्या बळावर शरीर ओढीत चालताना आढळला. झुडपांच्या खालच्या फांद्या धरून तो इंचाइंचाने सरकत असे. भोवती सतत माशा घोंगावत. कळपातील इतर चिंपांझी त्याचे हे विपरीत रूप पाहून प्रथम भयभीत झाले. काहींनी तर त्याच्यावर हल्ला केला. एके दिवशी काही चिंपांझी झाडावर एकमेकांचे अंग साफ करीत बसले होते. त्यांना पाहून तो महत्प्रयासाने वर चढला, आनंदाने त्यांच्याकडे हात पसरू लागला, आणि ते त्याच्याकडे न पाहताच दूर निघून गेले. म्हातारा बराच वेळ तेथेच निश्चल बसून राहिला. हम्फ्री नावाचा एकच चिंपांझी शेवटपर्यंत त्याच्या आसपास राहिला. पुढे मॅकग्रेगरचा एक हातही सांध्यातून निखळला, तेव्हा संशोधकांनी त्याला बंदुकीच्या गोळीने यातनामुक्त केले. या निर्णयावरून आपल्या घरांत मतभेद होतील, हे मी जाणतो. परंतु आज मला ज्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे, ती त्याच्या आधीची आहे.

हा रोग पोलिओ होता. त्याच सुमारास सरोवरकाठच्या मनुष्यवस्तीत पोलिओची साथ होती. ती तेथूनच अरण्यात शिरली असावी, असा संशोधकांचा निष्कर्ष झाला. काही चिंपांझी मेले, काही कायमचे पंगू झाले. फाबेन नावाच्या तरुण नराचा एक हात जन्मभरासाठी लुळा पडला आणि पुढे तो बराच काळ दोन पायांवरच चालत असे. संशोधकांनी धावपळ करून तोंडावाटे द्यावयाची लस मागविली आणि ती केळ्यांत घालून चिंपांझींना खाऊ घातली. साथ ओसरली. परंतु एक प्रश्न मागे राहिला, आणि त्याचे पूर्ण उत्तर मिळावयास पुढची चाळीस वर्षे लागली. ज्यांना आपण प्रेमाने न्याहाळतो, त्यांना आपल्या निकट जाण्यानेच तर मरण येत नाही ना?

या संशोधनाचा आरंभ १४ जुलै १९६० रोजी झाला. त्या दिवशी जेन गुडाल ही सव्वीस वर्षांची इंग्रज तरुणी गोंबेच्या किनाऱ्यावर उतरली. विद्यापीठाची कोणतीही पदवी तिच्याजवळ नव्हती. शिक्षण सचिवाच्या कामाचे झालेले. आजचे नियम असते तर तिच्या अर्जाची छाननीसुद्धा झाली नसती. तिला पाठविले होते नैरोबीचे प्रख्यात मानववंशशास्त्रज्ञ लुई लीकी यांनी. एकट्या तरुणीला अरण्यात राहू देण्यास तेथील ब्रिटिश अधिकारी राजी नव्हते, म्हणून सोबतीला तिच्या मातोश्री आल्या. मुलीच्या संशोधनासाठी आईने तंबूत संसार थाटावा, हा या कथेतील मला अत्यंत प्रिय असलेला भाग आहे. पण ग्रंथांतून त्याचा उल्लेख एखाद-दुसऱ्या ओळीतच आटोपला जातो.

पहिले काही महिने चिंपांझी तिला दुरून पाहताच पळून जात. ती रोज पहाटे एका उंच टेकाडावर जाऊन बसे, दुर्बिणीतून पाही आणि वहीत लिही. त्याच वर्षी हेमंताच्या सुमारास डेव्हिड ग्रेबिअर्ड असे नाव तिने ज्याला दिले होते, तो राखाडी हनुवटीचा नर वाळवीच्या वारुळात गवताची काडी खुपसून, तिला चिकटलेली वाळवी ओठांनी टिपून खाताना दिसला. कधीकधी तो पानांची डहाळी मोडून, पाने ओरबाडून तिची काडी बनवी. हत्यार बनविणारा प्राणी एकटा मनुष्यच, ही तोवरची समजूत त्या काडीने मोडली. पुढे केंब्रिज विद्यापीठाने पदवीधर नसलेल्या या संशोधिकेला थेट पीएच.डी.साठी प्रवेश दिला. तेथील प्राध्यापकांना तिचा एक दोष मात्र खटकला: तिने प्राण्यांना क्रमांक न देता नावे दिली होती. फ्लो, फिफी, फिगन, गोलायथ, माइक. ही नावे तिने अखेरपर्यंत बदलली नाहीत.

नावांचे महत्त्व व्यापारी वाचकांना वेगळे सांगावयास नको. रोजमेळात 'एक गिऱ्हाईक, शंभर रुपये' एवढेच लिहिले तर वर्षाखेरीस त्या नोंदीचा काहीही उपयोग होत नाही. नोंद नावावर पडली तरच खतावणी होते, आणि खतावणी झाली तरच कोणाचा व्यवहार कोठे बिघडला ते दिसते. गोंबेत नेमके हेच झाले. चिंपांझीची मादी तेरा-चौदा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा प्रसवते, दोन अपत्यांत साधारण पाच वर्षांचे अंतर असते, आणि आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांपर्यंत जाते. दोन-तीन वर्षांच्या अभ्यासात अशा प्राण्याच्या आयुष्याचा एक तुकडाच हाती लागतो. फिफी ही १९६० साली अवघी दोन वर्षांची होती. आई फ्लोच्या अंगाखांद्यावर खेळे. तिने पुढे नऊ पिल्लांना जन्म दिला, आणि २००४ साली सर्वांत धाकट्या पिल्लासह ती नाहीशी झाली. तोपर्यंत तिच्या आयुष्याची नोंद चव्वेचाळीस वर्षे चालू होती. एखाद्या मनुष्याच्याही आयुष्याची इतकी नोंद क्वचितच कोणी ठेवली असेल.

ही वही केवळ गुडाल यांनी लिहिली असा समज असेल तर तो दूर करावयास हवा. मे १९७५ मध्ये सरोवरापलीकडील झाईर देशातून आलेल्या सशस्त्र बंडखोरांनी गोंबेतील चार परदेशी विद्यार्थ्यांचे व सहायकांचे अपहरण केले. खंडणीनंतर ते सुखरूप सुटले. परंतु त्यानंतर परदेशी संशोधकांना तेथे राहणे अशक्य झाले. काम बंद पडावयाचे तेथेच. पडले नाही, कारण हिलाली मटामा आणि त्यांच्यासारखे आसपासच्या गावांतील टांझानियन क्षेत्रसहायक पहाटे निघत, ज्या चिंपांझीची पाळी असेल त्याच्या घरट्याखाली उजाडण्यापूर्वी पोहोचत आणि रात्री तो नवे घरटे बांधून झोपेपर्यंत त्याच्या मागे राहत. कोणासोबत होता, कोठे गेला, काय खाल्ले, कोणाशी भांडला, हे सारे स्वाहिली भाषेत लिहिले जाई. कासाकेला कळपातील नरांनी शेजारच्या काहामा कळपातील नर एकेक करून मारले, त्या १९७४ ते १९७८ या चार वर्षांच्या हिंसेचा फार मोठा भाग याच वह्यांतून जगाला कळला. शास्त्राच्या इतिहासात या मंडळींची नावे तळटिपेत जातात, ही मला अन्यायाची गोष्ट वाटते.

आता जवळीकीकडे वळू. प्रारंभी जवळीक हेच यश मानले जाई. डेव्हिड ग्रेबिअर्ड तंबूपाशी आला, केळी घेऊन गेला. मग केळी ठेवण्याची रीत पडली. फ्लोचे पिल्लू फ्लिंट हात पुढे करून गुडाल यांच्या हाताला स्पर्श करू पाहत आहे, असे एक छायाचित्र जगभर गाजले. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. दोन जीवांमधील विश्वासाचे एवढे सुंदर चित्र दुसरे नसेल, असे मलाही वाटत आले. आजच्या नियमांनुसार मात्र ते चित्र म्हणजे गंभीर नियमभंग ठरेल.

केळ्यांचा परिणाम लवकरच दिसला. एरवी पाच-सहांच्या टोळ्यांनी विखुरून फिरणारे चिंपांझी एकाच जागी मोठ्या संख्येने जमू लागले आणि भांडणे वाढली. वाटपाची पद्धत बदलण्यात आली, प्रमाण पुष्कळ कमी करण्यात आले. पण केळी पूर्णपणे बंद झाली ती २००० साली. गर्दी आणि रोग यांचा संबंध आपण जाणतोच. शिवाय मनुष्याचा हात लागलेले खाद्य.

गोंबेच्या नोंदींवरून २००८ साली कासाकेला कळपातील मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध झाला. १९६० ते २००६ या काळात ज्यांच्या मरणाचे कारण कळू शकले, त्यांपैकी ५८ टक्के रोगाने आणि २० टक्के आपसांतील हल्ल्यांत दगावले होते. लढायांच्या कथा जगभर गाजल्या. मरण मात्र बहुतांशी खोकल्याच्या पावलांनी आले. रोगांत श्वसनाचे रोग प्रमुख होते आणि तेही साथीने आलेले.

परंतु साथ मनुष्याकडून आली हे सिद्ध कसे करावयाचे? गोंबेत तो केवळ बळकट संशय होता. पुरावा मिळाला आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेकडील आयव्हरी कोस्ट देशाच्या ताई अरण्यात.

ताई हे घनदाट वर्षारण्य. तेथे क्रिस्तोफ बोएश आणि हेडविग बोएश या स्विस दांपत्याने १९७९ साली काम सुरू केले. चिंपांझींना माणसांची सवय होण्यासच सुमारे पाच वर्षे लागली. येथील चिंपांझी टणक कवचाची फळे मुळाच्या खोबणीत ठेवून दगडाने वा लाकडी ओंडक्याने फोडतात. ही विद्या पिल्लांना आईच्या शेजारी बसून शिकावी लागते आणि ती नीट साधावयास कित्येक वर्षे जातात. गोंबेच्या चिंपांझींना ती येत नाही. म्हणजे एका अरण्याची रीत दुसऱ्या अरण्यात नसते. तेथील प्रौढ मेले की त्यांच्याबरोबर ती रीतही जाण्याचा धोका असतो.

आणि ताईत प्रौढ मरू लागले. नोव्हेंबर १९९४ मध्ये एका महिन्यात बारा चिंपांझी मेले किंवा नाहीसे झाले. त्यांपैकी एकाच्या शवाची तपासणी करणाऱ्या संशोधिकेला तीव्र ज्वर आला. स्वित्झर्लंडला नेऊन उपचार केल्यावर ती वाचली. तो इबोला विषाणूचा, तोवर अज्ञात असलेला, एक प्रकार होता. २००१-०२ मध्ये आणखी काही मृत्यू झाले; ते अँथ्रॅक्ससदृश जंतूमुळे झाल्याचे आढळले. हे दोन्ही रोग अरण्यातलेच होते. त्यांत मनुष्याचा दोष नव्हता.

मात्र १९९९, २००४ आणि २००६ या वर्षी आलेल्या साथी वेगळ्या होत्या. आधी शिंका, मग खोकला, मग झाडाखाली मान टाकून बसलेले चिंपांझी. बर्लिनच्या रॉबर्ट कोख संस्थेचे पशुवैद्य फाबियान लेंडर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत चिंपांझींच्या फुप्फुसांचे नमुने तपासले. त्यांत दोन विषाणू सापडले, आणि दोन्ही मनुष्यांचे. त्यांपैकी एक म्हणजे आपल्या तान्ह्या मुलांच्या छातीत कफ भरविणारा आरएसव्ही. त्यांचा वांशिक आराखडा त्या काळी जगभर माणसांत पसरलेल्या विषाणूंशी मिळताजुळता होता. आपल्याकडे ज्या सर्दीला आले-तुळशीचा काढा पुरतो, तिने चिंपांझीची छाती पोखरली होती. वर न्यूमोनियाच्या जंतूंनी उरलेले काम पुरे केले. हा शोधनिबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. मनुष्याकडून रानटी महावानरांना विषाणू गेल्याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा मानला जातो.

ज्या माणसांनी आपले तारुण्य या प्राण्यांमागे घालविले, त्यांना हा निष्कर्ष स्वतःच्या नावावर स्वतःच लिहावा लागला. तो त्यांनी लपविला नाही. हिशेबातील तूट दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्याचे नाना प्रकार चार दशकांच्या नोकरीत मी पाहिले आहेत. म्हणून या प्रामाणिकपणाचे मोल मला विशेष वाटते.

त्यानंतर नियम कडक झाले. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने प्रथम काही दिवस तळावर विलग राहावयाचे. ताप, सर्दी, खोकला नसल्याची खात्री झाल्यावरच अरण्यात पाऊल टाकावयाचे. अरण्यातील कपडे निराळे, ते बाहेर न्यायचे नाहीत. बूट जंतुनाशकाने धुवायचे. तोंडावर मुखपट्टी. अरण्यात थुंकावयाचे नाही, उष्टे टाकावयाचे नाही. आणि चिंपांझीपासून किमान सात मीटर दूर राहावयाचे. तो जवळ आला तर आपण मागे सरावयाचे. करोनाच्या काळात आपण हे सारे सक्तीने शिकलो, आणि कंटाळलो. ताईतील क्षेत्रसहायक ते त्याच्या कितीतरी आधीपासून रोज, भर उकाड्यात, दमट अरण्यात, दुसऱ्या जातीच्या जीवासाठी पाळीत आले आहेत.

यावर कोणी म्हणेल, की मग जाताच कशाला? चिंपांझींना त्यांच्या अरण्यात सुखाने राहू द्यावे. प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळ दिवस मीही तसाच विचार करीत असे. परंतु खात्याची दुसरी बाजू वाचल्यावाचून शिल्लक काढता येत नाही. आयव्हरी कोस्टमध्ये १९९० ते २००७ या सतरा वर्षांत चिंपांझींची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे सर्वेक्षणांत आढळले. कारणे जंगलतोड आणि मांसासाठी होणारी शिकार. आणि ज्या शोधनिबंधाने संशोधकांवर रोगाचा ठपका ठेवला, त्यानेच हेही दाखविले, की संशोधन-तळाच्या आसपास शिकाऱ्यांचा वावर कमी आहे. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही ताईतील संशोधन-क्षेत्राच्या भोवती माकडे व चिंपांझी अधिक संख्येने आढळले आणि शिकारीच्या खुणा कमी. रोज पहाटे जेथे माणसे वहीपेन्सिल घेऊन फिरतात, तेथे बंदूक घेऊन शिरावयास चोर कचरतो. पाहणाऱ्यांच्या विषाणूने काही चिंपांझी मेले. पाहणारे नसते तर त्याहून कितीतरी अधिक मारले गेले असते. दोन्ही रकमा खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही. परंतु पहिली रक्कम सावधपणाने कमी करता येते, आणि दुसरीचा पर्याय आजवर कोणाला सापडलेला नाही. म्हणून संशोधकांनी तळ उठवू नयेत, मुखपट्टी बांधून तेथेच राहावे, असे माझे मत आहे.

मात्र केवळ संशोधकांनी नियम पाळून भागत नाही, हे युगांडातील किबाले अरण्यात कळले. तेथील कान्यावारा कळपाचा अभ्यास रिचर्ड रँगहॅम यांनी १९८७ साली सुरू केला. २०१३ साली या कळपात खोकल्याची साथ आली आणि छप्पन्नांपैकी पाच चिंपांझी दगावले. बेटी नावाच्या दोन वर्षांच्या पिल्लाचे शव मिळाले, म्हणून कारण कळू शकले. ऱ्हायनोव्हायरस-सी, म्हणजे मनुष्यांच्या मुलांना नित्य होणाऱ्या पडशाचा विषाणू. चिंपांझींच्या शरीरात या विषाणूला दार उघडून देणारा जनुकीय गुण सर्रास आढळतो, असेही त्या अभ्यासातून दिसले. किबालेच्या चारी बाजूंना दाट वस्ती आणि शेती आहे. चिंपांझी मक्याच्या शेतात उतरतात. मुले अरण्याच्या कडेला फिरतात. तेथे सात मीटरांचा नियम कोणाला सांगावयाचा? अरण्यालगतच्या गावांतील मुलांचे आरोग्य सुधारणे हाच चिंपांझींना वाचविण्याचा एक मार्ग आहे, असे आता तेथील वैद्य मानतात.

अंतर राखावयाचे तर रोगाचा माग कसा काढावयाचा? रक्त घेता येत नाही. बेशुद्ध करणे धोक्याचे. उत्तर सापडले ते आपण ज्याचा उच्चारही टाळतो त्या पदार्थांत. चिंपांझी पहाटे जागा झाला की घरट्याच्या कडेवरून प्रथम लघवी करतो. खाली प्लास्टिकचा कागद घेऊन सहायक उभा असतो. विष्ठेचा नमुना नळीत भरून तीवर त्या चिंपांझीचे नाव व तारीख लिहिली जाते. त्यावरून जंत, विषाणू, गर्भधारणा, मनावरील ताण, पिता कोण, हे सारे कळते. प्राण्याला हातही न लावता.

याच नमुन्यांनी वैद्यकशास्त्रातील एक मोठा समज मोडला. मनुष्यांतील एड्सचा विषाणू मुळात मध्य आफ्रिकेतील चिंपांझींच्या एका विषाणूपासून आला आहे. तो चिंपांझींच्या शरीरात निरुपद्रवी असतो, असे पुष्कळ काळ मानले जाई. गोंबेतील चिंपांझींत त्याच कुळातील विषाणू आढळतो. नऊ वर्षांचे नमुने आणि प्रत्येकाच्या आयुष्याच्या नोंदी एकत्र लावल्यावर २००९ साली असे दिसून आले, की त्याच वयाच्या निरोगी चिंपांझींच्या तुलनेत बाधितांच्या मृत्यूचा धोका दहा ते सोळा पट होता. कोण केव्हा जन्मला आणि कोण केव्हा गेला, हे चाळीस वर्षे लिहिणारे कोणी नसते तर प्रयोगशाळेतील नळ्यांचा काहीही उपयोग झाला नसता.

चिंपांझी स्वतः रोगावर काय करतात, हाही एक रोचक विषय आहे. गोंबेच्या दक्षिणेला त्याच सरोवराकाठी महाले पर्वतराजी आहे. जपानचे तोशिसादा निशिदा यांनी तेथे १९६५ पासून अभ्यास केला. १९८७ साली तेथे मायकेल हफमन हे संशोधक चाउसिकु नावाच्या आजारी मादीच्या मागे होते. ती मलूल होती, सारखी पडून राहत होती. वाटेत तिने एका झुडपाची कोवळी फांदी तोडली, साल सोलून आतला गाभा चावून रस गिळला आणि चोथा टाकून दिला. सोबत मोहमेदी सैफू कलुंडे हे तेथील जाणते क्षेत्रसहायक होते. ते म्हणाले, हे तर आमचे औषध. फार कडू, आणि पोटासाठी गुणकारी. दुसऱ्या दिवशी चाउसिकु पुन्हा हिंडू-खाऊ लागली. पुढील तपासणीत त्या गाभ्यात जंतांना मारक द्रव्ये आढळली. हे झुडूप व्हर्नोनिया कुळातले. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानांत मिळणारे कडू जिरे वनस्पतिशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ याच कुळात गणले होते, आणि तेही जंतांवरच दिले जाते. किराण्याच्या पेढीवर बसणाऱ्या वाचकांनी पुढच्या वेळी ती पुडी बांधताना चाउसिकुची आठवण काढावी.

चिंपांझी खरबरीत पाने न चावता घड्या घालून सबंध गिळतात, हेही गोंबे, महाले आणि अन्यत्र पाहिले गेले आहे. ही पाने न पचता आतड्यांतून जातात आणि जंतांना बरोबर घेऊन बाहेर पडतात. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही सारी विद्या जुन्या, अरण्यातल्याच रोगांवरची आहे. आपण नेलेल्या खोकल्यावर त्यांच्यापाशी कोणतेही पान नाही.

२०२० साली करोना आला तेव्हा या अभ्यासकांना कोणी सांगावे लागले नाही. मार्च महिन्यातच त्यांनी जाहीर विनंती केली, की महावानरांचे पर्यटन थांबवावे आणि संशोधनही अत्यावश्यक तेवढेच ठेवावे. अनेक देशांनी उद्याने पर्यटकांना बंद केली. उत्पन्न बुडाले, तरीही बंद केली. जेन गुडाल त्या वेळी शहाऐंशी वर्षांच्या होत्या आणि इंग्लंडमधील आपल्या जुन्या घरातून जगाशी बोलत होत्या. १ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जून २०१८ मध्ये ताईतील वुडस्टॉक नावाच्या प्रौढ नराच्या चेहऱ्यावर बारीक गाठी दिसू लागल्या. त्याला वर्षानुवर्षे ओळखणारी माणसे तेथे होती, म्हणूनच त्या दिसल्या. विष्ठेच्या नमुन्यांत कुष्ठरोगाचे जंतू सापडले. त्याच सुमारास गिनी-बिसाऊ देशातील एका अरण्यात बसविलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांतही तशाच खुणा असलेले चिंपांझी दिसले होते. रानटी चिंपांझींत कुष्ठरोग यापूर्वी कधीच नोंदला गेला नव्हता. संशोधकांनी जुने साठे उघडले. झोरा नावाची मादी २००९ साली बिबट्याच्या हल्ल्यात मेली होती आणि तिच्या शरीराचे नमुने गोठवून ठेवलेले होते. त्यांतही तेच जंतू निघाले. साऱ्यांची नजर अर्थातच पुन्हा मनुष्याकडे वळली. पण जंतूंचा वांशिक आराखडा पाहता ते मनुष्यांत क्वचितच आढळणाऱ्या प्रकारांचे निघाले, आणि अलीकडच्या काळात माणसांकडून ते गेले असावेत असे दिसत नव्हते. अरण्यातीलच दुसरा कोणी प्राणी, किंवा तेथील माती-पाणी, असा त्यांचा उगम असावा. वुडस्टॉकच्या मागे जाणारे सहायक त्यानंतरही मुखपट्टी बांधून, सात मीटरांवरूनच नोंद घेत राहिले.